आकडेनोंदीच्या शिक्षणात पडताळणीचे स्थान

अमेरिकेत १९०१ साली इलिनॉयमधील जोलिएट येथे सार्वजनिक ज्युनियर कॉलेज निघाले. आजची कम्युनिटी कॉलेजे त्याच परंपरेतील होत. तेथे 'डेटा एंट्री' शिकणारा विद्यार्थी कळफलकाकडे न पाहता अंक उमटविण्याचा सराव करतो, आणि ताशी किती कळा दाबल्या यावर त्याचा वेग ठरतो. तथापि या विद्येचे मर्म पडताळणीत आहे. १९२८ नंतर रूढ झालेल्या ८० स्तंभांच्या छिद्रपत्रांच्या काळी एकीने छेदलेले पत्र दुसरी पडताळणी-यंत्रावर घेई व मूळ कागद पाहून तीच नोंद पुन्हा करी. कळ जुळली नाही की यंत्र अडे. चूक कायम राहिल्यास त्या स्तंभाच्या माथ्यावर खाच पडे. (या कामावर बहुधा स्त्रियाच असत, त्यांच्या कौशल्याची संभावना मात्र 'यांत्रिक' अशीच झाली.) दुसरे साधन गणिताचे. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल होऊन ५४८२ ऐवजी ५८४२ असे पडले, तर येणाऱ्या फरकास नेहमी ९ ने भाग जातो. हिशेबनीस या खुणेवरून चूक हुडकतात. परंतु कागदावरील अस्पष्ट १ दोघांनीही ७ असा वाचला, तर दुहेरी नोंदही निरुपयोगी होय. अशा वेळी अंदाज न बांधता कागद परत पाठवावा, हेही विद्यार्थ्यास शिकवावे लागते. वेगाच्या परीक्षेत ते मोजले जात नाही.