एका वेळी एकच बार

सातारा-सांगलीकडे जुनी बंदूक म्हटली की लोकांना ठासणीचीच आठवते. संपादकांनी मात्र मार्टिनी-हेन्रीवर लेख मागितला. इतिहास थोडक्यात असा: मागून भरण्याची युक्ती स्वित्झर्लंडमधल्या फ्रिडरिख मार्टिनीची, नळीतले आटे एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीचे, ब्रिटिश फौजेने ती १८७१ मध्ये स्वीकारली. खरी गंमत तिच्या पोटात आहे.

सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त आर्मरर सुभेदारांनी निकामी केलेली मार्टिनी मांडीवर घेतली. "ह्यात घोडा हुडकू नका, घावायचा न्हाई." खरंच, बाहेर घोडाच नाही. चापामागचा दांडा खाली ओढला की पोलादी ठोकळा पुढून झुकतो, नळीचं तोंड उघडं पडतं आणि त्याच झटक्यात रिकामं टरफल मागे फेकलं जातं. टोचणी आणि तिची स्प्रिंग ठोकळ्याच्या आतच. दांडा ओढतानाच ती ताणली जाते. ठोकळ्याच्या पाठीवरच्या पन्हळीतून काडतूस अंगठ्याने सारायचं, दांडा वर, बार तयार. सरावलेला शिपाई मिनिटाला १२ बार काढी.

हे सुख आपल्या शिपायाला उशिरा मिळालं. १८५७ नंतर त्याच्या हातात गोऱ्यापेक्षा एक पिढी मागचं हत्यार ठेवायचं, असं सरकारी धोरणच होतं. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदला गोऱ्या ६६व्या पलटणीकडे मार्टिनी होत्या; शेजारी लढणाऱ्या मुंबई सैन्याच्या ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्सकडे आधीच्या पिढीतल्या स्नायडर बंदुका. स्नायडरचं टरफल नुसतं सैल होई. ते पाडायला बंदूक उलटी करावी लागे. अफगाण सेनापती अयूबखानाच्या तोफा आणि संख्याबळ पाहता मार्टिनीने निकाल फिरला असता असं मला वाटत नाही. पण शत्रू अंगावर येत असताना बंदूक उलटी करायची, ही कल्पनाच अंगावर काटा आणते.

मार्टिनीही निर्दोष नव्हती. तिचं काडतूस पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेलं. नळी तापली, काळ्या दारूची काजळी धरली की ते आत चिकटे. ओढलं तर नुसतं बूड हातात येई. जानेवारी १८८५ मध्ये सुदानच्या अबू क्लेआला ऐन हल्ल्यात बंदुका अशाच अडल्या. पुढे अखंड पितळेचं काडतूस आलं, पण तोवर मार्टिनीच जुनी होत चालली होती. १८८८ मध्ये एका वेळी आठ काडतुसं घेणारी ली-मेटफर्ड आली, ती गोऱ्या पलटणींसाठी. १८९७ च्या, वायव्य सरहद्दीवरच्या तिराह मोहिमेतही देशी पलटणी मार्टिनीच चालवत होत्या. गोऱ्यांची दारू बिनधुराची. यांच्या प्रत्येक बाराला पांढरा ढग उठे आणि डोंगरावरच्या आफ्रिदी नेमबाजाला शिपाई कुठे दडलाय ते आयतं कळे.