बाळंतपणानंतर केस गळतात? अंगावर पाजणे थांबवू नका!

बाळ तीन-चार महिन्यांचे झाले की अनेक मातांच्या फणीत केसांचे पुंजके येऊ लागतात. 'अंगावर पाजल्याने केस जातात' असे कोणीतरी सांगते आणि बाळाला वरचे दूध सुरू होते. हा समज चुकीचा आहे. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचेच दूध हवे. ते तोडल्याने केस गळणे थांबत नाही.

असे का होते?
एरवी रोज ५० ते १०० केस गळतातच. गर्भारपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढल्याने गळायचे केसही टिकून राहतात. बाळंतपणानंतर ते उतरते आणि थोपून राहिलेले केस एकदम गळतात. मुळे मात्र शाबूत असतात. बहुतेकींचे केस बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत पूर्ववत होतात.

काय करावे?
बाळंतिणीला पथ्याच्या नावाखाली अर्धपोटी ठेवू नये. डाळी, उसळी, पालेभाज्या, नाचणी, अळिवाचे लाडू, चालत असल्यास अंडी द्यावीत. सरकारी आरोग्य केंद्रात बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. त्या नेमाने घ्याव्यात. मात्र दोन्हींत दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळीबरोबर चहा नको. केस घट्ट बांधू नयेत, ओले असताना विंचरू नयेत. साधे खोबरेल लावण्यास हरकत नाही. पण त्याने गळती थांबेल अशी अपेक्षा नको.

काय टाळावे?
मिनॉक्सिडिल डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. पुरुषांसाठी असलेल्या फिनास्टेराइडच्या गोळ्या घेऊ नयेत. घटक न छापलेली चूर्णे व भस्मेही नकोत. काहींत शिसे आढळले आहे आणि ते दुधातून बाळाच्या पोटात जाऊ शकते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?
वर्षानंतरही गळती चालू राहिली, चाई पडली, किंवा सोबत थकवा, धाप, छातीत धडधड असेल तर हिमोग्लोबिन व थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. बाळंतपणानंतर थायरॉइडचा विकार काही जणींना होतो आणि त्यावर उपचार आहेत.

बाळाकडेही लक्ष हवे
आईचा गळलेला केस बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा बंद होऊ शकतो. बाळ अकारण रडत असेल तर मोजे काढून हातापायांची बोटे पाहावीत. बोट सुजून लाल वा निळे दिसले आणि केस सहज निघाला नाही, तर तत्काळ दवाखाना गाठावा.