सूर्यफुलाची उगवण : पेरणीपूर्वीची परीक्षा महत्त्वाची

राजमाचीच्या पायथ्याशी, प्राचीन लेण्यांमुळे ओळखले जाणारे कोंडाणे हे कर्जत तालुक्यातील गाव. या परिसराचे मुख्य पीक भात. कापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल घेण्याची येथील जुनी रीत आहे, तर तालुक्याच्या काही भागात राजनाला कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भातही होते. अशा खाचरात सूर्यफुलासारखे तेलबियांचे पीक घ्यायचे ठरविल्यास पहिली कसोटी लागते ती उगवणीची. लातूर, धाराशिव, सोलापूर या भागांतील शेतकऱ्यांना हे पीक परिचयाचे आहे. भातउत्पादकाला मात्र आपल्या काही सवयी बाजूला ठेवाव्या लागतात.

भाताचे रोप फुटवे देते. त्यामुळे एखादे रोप मेले तरी शेजारची रोपे ती जागा काही प्रमाणात भरून काढतात. सूर्यफुलाच्या प्रचलित वाणांना एका झाडाला एकच फूल येते. जेथे बी उगवले नाही, तेथील उत्पन्न बुडालेच. म्हणूनच या पिकात उगवण साधणे म्हणजे निम्मे पीक साधणे होय.

ताजे बी का रुसते?

नुकत्याच काढलेल्या सूर्यफुलाच्या बियांना सुप्तावस्था असते. बी जिवंत असते, भरलेले असते. तरीही ओल मिळाली म्हणून लगेच अंकुरत नाही. ही अवस्था साधारणतः ४० ते ४५ दिवस टिकते. खरिपाचे बी काढून लगोलग रब्बीत पेरल्यास शेत विरळ दिसते आणि दोष हवामानाला दिला जातो. त्यामुळे काढणीनंतर किमान दीड महिना उलटलेले बियाणेच वापरावे. उलटपक्षी, तेलाचे प्रमाण अधिक असल्याने हे बी दमट हवेत लवकर खराब होते. कोकणातील पावसाळा उघड्या पोत्यात काढलेल्या बियाण्यावर विसंबू नये. संकरित वाणाचे घरचे बी पुन्हा पेरणेही टाळावे.

गोणपाटावरील चाचणी

बियाण्याची खरी अवस्था डोळ्यांना दिसत नाही. भरदार टरफलाच्या आतही दाणा फोल असू शकतो. यासाठी सरसकट शंभर बिया मोजून घ्याव्यात. निवडून घेऊ नयेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडून त्याची गुंडाळी करावी व ती सावलीत ओलसर ठेवावी. चौथ्या दिवशी पहिली आणि दहाव्या दिवशी अखेरची मोजणी करावी. केवळ मोड आलेले नव्हे, तर मूळ व कोंब दोन्ही निकोप असलेले रोपच मोजावे. प्रमाणित बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवणशक्तीचा निकष आहे. त्याहून थोडी कमी भरल्यास बियाण्याचे प्रमाण वाढवावे. निम्मेही न उगवल्यास ते बियाणे वापरू नये.

चिखल नको, वाफसा हवा

रायगड जिल्ह्यात मोड आणलेले भात चिखलात फेकून पेरण्याची ‘रहू’ पद्धत आहे. भाताचा कोंब पाण्याखाली कमी प्राणवायूवरही वाढतो. सूर्यफुलाचे तसे नाही. तेलयुक्त बियांना अंकुरताना प्राणवायू अधिक लागतो. पाणी साचल्यास बी कुजते. त्यातच चिखलणीमुळे खाचरातील माती घट्ट झालेली असते व वाळल्यावर तिची ढेकळे होतात. म्हणून वाफसा येताच नांगरट करून ढेकळे फोडावीत, पाण्याचा निचरा होईल अशा सऱ्या-वरंबे काढावेत आणि वरंब्याच्या बगलेत बी टोकावे.

टोकण तीन ते चार सेंटिमीटर खोल असावी. सूर्यफुलाचा कोंब दोन्ही बीजदले, अनेकदा टरफलासह, मातीतून वर उचलतो. बी खोल गेल्यास किंवा वर मातीची पापडी धरल्यास ही ताकद अपुरी पडते व कोंब आतच वाकतो. टोकणीनंतर पाटाने जोराचे पाणी सोडल्यास हीच पापडी धरते. तेव्हा आधी ओलवून, वाफशावर टोकणी करणे श्रेयस्कर. प्रक्रिया न केलेले बी रात्रभर भिजवून सावलीत सुकवून लावल्यास उगवण लवकर व एकसारखी होते. पिशवीतील बियाण्यास आधीच बुरशीनाशक लावलेले असल्यास मात्र ते भिजवू नये.

प्रत्येक ठिकाणी दोन बिया टोकून, दहा-बारा दिवसांनी जोमदार रोप ठेवून विरळणी करावी. नांग्या पहिल्या आठवड्यातच भराव्यात. उशिरा लावलेले रोप शेजाऱ्यांच्या सावलीत खुरटते. कोवळ्या रोपांना पक्षी व खारींचा उपद्रव होतो, त्यामुळे सुरुवातीचे दिवस सकाळ-संध्याकाळ राखण हवी.

कापणीनंतरची ओल थोड्या दिवसांची असते. पहिली पेरणी वाया गेली तर दुसरीला ती उरत नाही. शंभर बिया आणि गोणपाटाचा एक तुकडा एवढ्याच खर्चात हा धोका टळत असेल, तर त्यासाठी दहा दिवस थांबणे कधीही फायद्याचेच.