मनिलाची संध्याकाळ आणि बातम्यांचे चेहरे

आखातात नोकरी करून परतलेल्या एखाद्या कोकणातल्या माणसाला त्याच्या फिलिपिनो सहकाऱ्यांविषयी विचारून बघा. तो त्यांच्या गाण्याच्या वेडाबद्दल सांगेल, भातमाशांबद्दल सांगेल आणि बहुधा त्यांच्या टीव्हीबद्दलही. परदेशी गेलेल्या फिलिपिनो लोकांसाठी १९९४ पासून एक वेगळी वाहिनी आहे आणि तिच्यावर मायदेशातल्या संध्याकाळच्या बातम्या लागतात. ‘टीव्ही पट्रोल’ हे त्या बातमीपत्राचे नाव. आपल्याला मनिला माहीत असते ती मॅगसेसे पुरस्कारामुळे, विनोबांमुळे आणि बाबा आमट्यांमुळे. पण त्या देशाचे राजकारण समजून घ्यायचे तर या बातमीपत्राच्या खुर्चीत कोण कोण बसले आणि उठून कुठे गेले, हे पाहणेही कमी उद्बोधक नाही.

हे बातमीपत्र एबीएस-सीबीएन या वाहिनीचे. सप्टेंबर १९७२ मध्ये फर्डिनांड मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला आणि लोपेझ घराण्याची ही वाहिनी बंद पाडून ताब्यात घेतली. पुढे फेब्रुवारी १९८६ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा या वाहिनीच्या जुन्या इमारतीतूनच सरकारी चॅनेल चालत होते. मार्कोस पडद्यावर बोलत असतानाच प्रक्षेपण तुटले आणि चॅनेल बंडखोरांच्या हाती गेले. मार्कोस देश सोडून पळाले, त्याच वर्षी वाहिनी पुन्हा सुरू झाली आणि २ मार्च १९८७ रोजी ‘टीव्ही पट्रोल’चा पहिला भाग दिसला.

त्यात नवे काय होते? मुख्य म्हणजे भाषा आणि तिचा बाज. तिकडे इंग्रजी बातम्यांचा मान मोठा होता. हे बातमीपत्र मात्र फिलिपिनो भाषेत, तेही रस्त्यावरच्या माणसाच्या बोलीत बोलू लागले. आग, अपघात, चोऱ्यामाऱ्या यांना पुढची जागा मिळाली. जाणकारांनी नाके मुरडली, प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. नोली दे कास्त्रो, मेल तियांको, फ्रँकी इव्हांजेलिस्ता, अँजेलिक लाझो ही सुरुवातीची मंडळी. हवामान सांगायला अर्नी बॅरन; हे गृहस्थ म्हणजे चालताबोलता ज्ञानकोश अशी त्यांची ख्याती. दे कास्त्रो रेडिओतून आलेले, आवाज दणदणीत. प्रेक्षकांना ते ‘कबायान’ म्हणत, म्हणजे आपल्या देशाचा माणूस, आपला गाववाला. पुढे हेच त्यांचे टोपणनाव झाले.

रोज संध्याकाळी घरात येणाऱ्या माणसावर लोक विश्वास ठेवतात, आणि विश्वास मतपेटीत चालतो. याच वाहिनीवर रात्रीच्या इंग्रजी बातम्या देणाऱ्या लॉरेन लेगार्दा १९९८ साली सिनेटच्या निवडणुकीत पहिल्या आल्या. २००१ साली दे कास्त्रो उभे राहिले, तेही पहिले. तिथे सिनेटर संपूर्ण देशाच्या मतांवर निवडून येतो, मतदारसंघ नसतो. त्यामुळे ज्याचा चेहरा देशभर ठाऊक, त्याचे अर्धे काम आधीच झालेले असते. खरी गंमत २००४ साली झाली. उपाध्यक्षपदासाठी हे दोघे समोरासमोर! लेगार्दा यांच्या जोडीला अध्यक्षपदासाठी चित्रपटांतला नायक फर्नांडो पो, तर दे कास्त्रो ग्लोरिया अरोयो यांच्या बाजूने. दे कास्त्रो सुमारे नऊ लाख मतांनी जिंकले आणि २०१० पर्यंत उपाध्यक्ष राहिले.

मग ते काय करते झाले? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा येऊन बातम्या सांगू लागले! शेजारी कोरिना सांचेझ, ज्यांचे यजमान मार रोहास तेव्हा नुकतेच उपाध्यक्षपदाची निवडणूक हरले होते, आणि टेड फेलॉन, जे मधल्या काळात लेते प्रांताचे खासदार होऊन आलेले. मला हे काही रुचत नाही. काल सरकारात असलेला माणूस आज सरकारची बातमी देणार, तर ऐकणाऱ्याने कोणता कान पुढे करायचा? पण फेलॉन यांच्या बाबतीत एक गोष्ट सांगायलाच हवी. नोव्हेंबर २०१३ मध्ये योलांडा वादळ धडकले, सहा हजारांवर माणसे गेली, तेव्हा ते ताक्लोबानमध्ये होते. ताक्लोबान हे त्यांचे स्वतःचे गाव.

मेल तियांको यांची वाट निराळी. एका जाहिरातीत काम केल्यावरून वाहिनीशी बिनसले आणि १९९६ साली त्या प्रतिस्पर्धी जीएमए वाहिनीकडे गेल्या. २००४ पासून तिथल्या ‘२४ ओरास’ या बातमीपत्राचा तोच चेहरा झाला.

आता २०२० कडे येऊ. फिलिपिन्समध्ये प्रक्षेपणाचा परवाना संसद देते, तोही कायदा करून. या वाहिनीचा पंचवीस वर्षांचा परवाना ४ मे २०२० रोजी संपला. अध्यक्ष दुतेर्ते यांचा वाहिनीवरचा राग जगजाहीर होता आणि नूतनीकरणाची विधेयके संसदेत पडून होती. दुसऱ्याच दिवशी प्रक्षेपण थांबवण्याचा आदेश आला. त्या संध्याकाळी ‘टीव्ही पट्रोल’ संपले आणि पावणेआठनंतर थोड्याच वेळात पडदा काळा झाला. साथीमुळे लोक घरात कोंडलेले, आणि बातमी बंद. जुलैत संसदीय समितीने ७० विरुद्ध ११ मतांनी परवाना नाकारला. हजारो नोकऱ्या गेल्या. सर्वांत मोठा घाव बसला तो प्रांतांवर. सेबुआनो, बिकोल अशा भाषांतल्या ‘टीव्ही पट्रोल’च्या प्रादेशिक आवृत्त्या ऑगस्टअखेर बंद झाल्या. मनिलाची बातमी केबलवर आणि इंटरनेटवर चालू राहिली. बेटावरच्या कोळ्याला त्याच्या भाषेत वादळाची सूचना देणारी संध्याकाळची बातमी मात्र गेली ती गेलीच.

फेलॉन त्याच महिन्यात दुसऱ्या वाहिनीकडे गेले. दे कास्त्रो यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा सिनेटसाठी अर्ज भरला आणि आठवडा उलटायच्या आत मागे घेतला; पुढे ते परत बातम्यांकडेच आले. एप्रिल २०२४ मध्ये हे बातमीपत्र जुन्या दोन नंबरच्या चॅनेलवर पुन्हा दिसले, पण ते चॅनेल एव्हाना दुसऱ्याच मालकाचे झाले होते. त्याच वर्षी ऑगस्टअखेर हेन्री ओमागा-दियाझ यांनी प्रेक्षकांचा निरोप घेतला आणि त्यांच्या जागी अल्विन एल्चिको आले. वर्षानुवर्षे परदेशस्थ फिलिपिनोंना घरची बातमी सांगणारे ओमागा-दियाझ आपल्या कुटुंबाकडे, कॅनडाला निघाले होते.