एकदां निकालांत निघालेली मोटार : खरेदी व विमा

ऑगस्ट २०१९ मध्यें कोल्हापूर-सांगलीकडे आणि जुलै २०२१ मध्यें चिपळुणास महापूर आला, तेव्हां पुष्कळ मोटारी पाण्याखालीं गेल्या. अशा गाडीची भरपाई देऊन विमाकंपनी ती निकालांत काढते. परंतु निकालांत निघालेली प्रत्येक गाडी भंगारांतच जाते असें नाहीं. तिचा सांगाडा विकला जातो, कोणी कारागीर तो दुरुस्त करतो आणि रंगरंगोटी होऊन ती पुन्हां बाजारांत येते. उंसाचें बिल हातीं पडतांच स्वस्त मोटार शोधणाऱ्या शेतकरी बंधूंनीं या व्यवहाराचें स्वरूप जाणून घेणें अवश्य आहे.

दुरुस्तीचा खर्च विमित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर गाडी पूर्णपणें गेली असें कंपनी धरते. समजा, गाडीची छापील किंमत रु. ८,००,००० असून तिला साडेतीन वर्षें झालीं आहेत. घसारा ४० टक्के, म्हणून विमित मूल्य रु. ४,८०,०००, आणि दुरुस्तीचा अंदाज रु. ३,६०,००० च्या वर गेला कीं गाडी निकालांत! हा अंदाज बहुधा नव्या भागांचा व कंपनीमान्य कारखान्याच्या मजुरीचा असतो. दारें, बॉनेट, दिवे एवढेंच मोडलेली गाडी साध्या कारागिराकडे पुष्कळ कमी खर्चांत चांगली होऊं शकते. तेव्हां अशी प्रत्येक गाडी त्याज्य नव्हे. सांगाडाच वांकलेली किंवा पुरांत बुडालेली गाडी मात्र आम्ही तरी घेऊं नये असेंच म्हणूं. पाणी तारांच्या जोडांत शिरलें म्हणजे गंज हळूहळू चढतो आणि सहा महिन्यांनीं ऐन रस्त्यांत गाडी बंद पडते.

विलायतेंत १ ऑक्टोबर २०१७ पासून अशा गाड्यांचे ए, बी, एस व एन असे चार वर्ग आहेत. पहिल्या दोन वर्गांतील गाड्यांस पुन्हां रस्त्यावर येण्यास मनाई आहे. आपल्याकडील नोंदणीपत्रकांत असा रकाना नाहीं, म्हणून शोध खरेदीदारानेंच करावयाचा. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. टोंकाशीं गाळाची रेघ दिसली तर दुसरा पुरावा नको. जादा चाकाची खळगी, आसनाखालील बोल्ट, गालिच्याखालचा पत्रा हींहि पाहावीं. चासीवरील आंकडे नोंदणीपत्रकाशीं ताडून पाहावे. आंकडे घांसलेले वाटले तर तेथूनच परतावें, कारण मोडक्या गाडीचे कागद चोरीच्या गाडीस लावण्याचा धंदाहि चालतो. विक्रेत्याकडे मागील विम्याची पॉलिसी व भरपाईचे कागद मागण्यांत संकोच कसला? बैल घेतांना आपण दांत पाहतोंच.

विम्याविषयीं. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १४६ अन्वयें तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. परंतु त्यानें आपल्या गाडीचें नुकसान भरून येत नाहीं. त्यासाठीं निराळा विमा उतरावा लागतो, आणि त्या वेळीं गाडीचा पूर्वेतिहास ठाऊक असेल तर तो अर्जांत लिहून द्यावा. महत्त्वाची गोष्ट लपविली असें पुढें निघालें, तर ऐन गरजेच्या वेळीं कंपनी दावा नाकारूं शकते आणि हप्ता भरल्याचें समाधान तेवढें उरतें. दावा न केल्याबद्दलची सूट माणसास मिळते, गाडीस नव्हे. विक्रेत्याची सूट आपल्या नांवावर घेऊं नये. नांव बदलल्यावर १४ दिवसांत कंपनीसहि कळवावें.

ज्यांची स्वतःचीच गाडी निकालांत निघाली आहे त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. सांगाडा विकून कोऱ्या अर्जांवर सह्या करून देण्याची चाल सर्वत्र दिसते. तीच गाडी दुरुस्त होऊन रस्त्यावर आली, विमा नसतां तिनें कोणास उडविलें, आणि नोंदणी अद्यापि आपल्याच नांवावर असली, तर भरपाईचा बोजा आपल्यावर येतो. नोंदणीत ज्याचें नांव तोच मालक, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें ठरविलें आहे. गाडी पुन्हां चालण्याजोगी नसेल तर कलम ५५ प्रमाणें १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवून नोंदणी रद्द करवावी. विकली असेल तर हस्तांतर पुरें झाल्याची खात्री स्वतः कचेरींत जाऊन करावी.