तीन नावं, एक अर्ज

अर्जातला पहिलाच रकाना नावाचा होता आणि तिथेच तिचं पेन थांबलं.

"कोणतं लिहू, जी?"

समोरचा पोलीस कर्मचारी मान वर करून बघतो. त्याला हा प्रश्न नवा नाही. आईनं ठेवलेलं एक नाव. दलममध्ये, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, गेल्यावर मिळालेलं दुसरं, ज्या नावानं अकरा वर्षं हाक ऐकली. आणि आता लग्नानंतरचं तिसरं. सरकारी नोंदीत दोन नावांच्या मध्ये 'ऊर्फ' बसलेला आहे. पण जातीच्या दाखल्याच्या अर्जाला 'ऊर्फ' चालत नाही.

"ताई, शाळेच्या रजिस्टरात कोणतं आहे?"

"दुसरीपर्यंत शिकली. आईनं ठेवलं तेच असन."

"मग तेच लिहा."

ती सावकाश, एकेक अक्षर जोडत लिहिते. लिहून झाल्यावर कागद जरा लांब धरून बघते.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीचा. कोळशाच्या खाणींच्या गावात वाढलो. उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, तेलंगणातून कामाला आलेली माणसं शेजारी होती, आणि आधी कुठे होतास, काय करत होतास, हे फारसं कुणी विचारत नसे. हजेरी लागली की माणूस गावचा झाला. चंद्रपूर, मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगा ओलांडून गडचिरोलीला येताना वाटायचं, इथंही तसंच असेल. बंदूक खाली ठेवली, काम मिळालं, संपलं.

तसं नाही. महाराष्ट्राची आत्मसमर्पण योजना 2005 पासून सुरू आहे आणि गडचिरोलीत आजवर सातशेहून अधिक जणांनी शस्त्रं खाली ठेवली आहेत. 15 ऑक्टोबर 2025 ला मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती हा माओवाद्यांचा बडा नेता साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. ते छायाचित्र सगळ्यांनी पाहिलं. बक्षिसाची रक्कम, एकरकमी मदत, प्रशिक्षणाच्या काळातला दरमहा भत्ता, यांचेही आकडे छापून येतात. किरकोळ गुन्ह्यांत सवलत मिळू शकते, गंभीर गुन्ह्यांचे खटले कोर्टात चालू राहतात. मला बघायचं होतं ते छायाचित्रानंतरचं.

त्यानंतर येतात ते कागद. आधार, रेशनकार्ड, बँकेचं खातं, मतदार यादी. 'पोलीस दादालोरा खिडकी' या उपक्रमातून पोलीस ठाण्यांत आणि दुर्गम भागातल्या मदत केंद्रांतही ही कामं होतात. सगळ्यात अवघड जातीचा दाखला. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा लागतो. माडिया गोंड ही केंद्राच्या यादीतली अतिअसुरक्षित आदिम जमात. जिथं आजोबांच्या काळी शाळाच नव्हती तिथं 1950 चा कागद कुठून आणायचा? आणि दाखल्यावाचून घरकुल अडतं, मुलाची शिष्यवृत्ती अडते.

मूल. हा शब्द या घरांत जपून उच्चारला जातो. संघटनेत लग्नाला परवानगी मिळे, पण त्याआधी पुरुषाची नसबंदी. बाहेर आल्यावर अनेकांनी ती नस पुन्हा जोडून घेण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आहे. जितकी वर्षं उलटून गेलेली, तितकं यश अवघड. अर्ज लिहिणाऱ्या या ताईच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं, आणि तिसऱ्या वर्षी मुलगी झाली. आम्ही बोलत होतो तेव्हा ती मुलगी अर्जाच्या मागच्या बाजूवर पेनानं रेघोट्या ओढत होती आणि तिला कुणीच अडवत नव्हतं.

घर चालवणं हेही शिकावं लागलं. दलममध्ये पगार नसतो. कपडे, साबण, औषध सगळं संघटना देते. त्यामुळे महिन्याचे पैसे महिनाभर पुरवायचे, ही गोष्टच माहीत नव्हती. पहिले कित्येक महिने भात नेहमी जास्त शिजायचा, कारण हाताला दहा-बारा जणांचा अंदाज. अजूनही ती दाराकडे पाठ करून बसत नाही. पहाटे चारला जाग येते, सेंट्रीची वेळ. "मग काय करता?" म्हटलं तर म्हणाली, "अंगण झाडते."

कामं मिळाली आहेत, ती खरी आहेत. शरण आलेल्यांच्या 'नवजीवन उत्पादक संघा'नं वर्ध्याच्या एमगिरी या ग्रामीण उद्योग संस्थेत प्रशिक्षण घेऊन 'क्लीन 101' नावाचं फिनाईल बनवलं. कोनसरीच्या लोहप्रकल्पातही अनेकांना नोकऱ्या लागल्या. पण नोकरी लागली म्हणजे माणूस परतला, असं मला आता वाटत नाही. गडचिरोली शहरात शरण आलेल्यांच्या वसाहतीत राहणं सुरक्षित आहे. शरण आलेल्यांना गावात गाठून मारल्याच्या घटना याच जिल्ह्यात घडल्या आहेत. म्हणून परतणं मोजायचं ते गावाच्या वाटेवर. पंडुमला, गावच्या सणाला, घरी जाता येतं का? गेल्यावर कुणी पाणी देतं का?

गावालाही त्याची बाजू आहे, आणि तिच्याकडे आपण कमी बघतो. खबऱ्या ठरवून ज्यांना मारलं ती माणसं याच गावांची होती. त्यांच्या घरच्यांनाही मदत मिळते, पण समारंभात खुर्ची मिळत नाही. शरण येणाऱ्याइतकाच मान आणि तितकेच हेलपाटे त्यांच्यासाठी व्हायला हवेत. नाहीतर हे काम अर्धंच राहील.

हिच्या अर्जात तेच आडवं आलं. वडील वारलेले. वंशावळीसाठी वडिलांकडच्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र हवं होतं, आणि उरले होते फक्त धाकटे काका. काकांच्या मेहुण्याला दलमनं मारलं होतं. ही त्या दलमची नव्हती, पण काका तिच्याशी बोलत नव्हते.

कर्मचारी दोनदा गावात जाऊन आला. पहिल्यांदा काका घरी असून बाहेर आले नाहीत. दुसऱ्यांदा मोहाच्या झाडाखाली तासभर बसून त्यानं फक्त मेहुण्याबद्दल विचारलं. अर्जाचा विषय काढलाच नाही. मला वाटतं, त्या तासाइतकं काम कुठल्याच योजनेत लिहिलेलं नाही.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा गेलो तेव्हा काका आले होते. डोक्याला पंचा, हातात पिशवी. त्यांनी कागद वाचून घेतला, पुतणीचं नाव आलं तिथं थांबवलं आणि पुन्हा एकदा वाचायला लावलं. आईनं ठेवलेलं नाव. मग शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला.

ती चहा घेऊन आली. त्यांनी घेतला नाही. बोललेही नाहीत. उठताना पिशवीतून मोहफुलांची पुडी काढली, लहान मुलीच्या हातात दिली आणि दुपारची एसटी पकडायला निघून गेले.