काबोचा मठ

मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांची मुखं जिथून एका नजरेत दिसतात, ते गोव्यातलं टोक म्हणजे काबो. १५४० साली वास्को द गामाचा मुलगा इश्तेव्हाँव द गामा गव्हर्नर असताना पोर्तुगिजांनी इथे तटबंदी आणि काबोच्या मातेचं, म्हणजे मरियेचं, छोटं चॅपल बांधायला घेतलं. १५९४ मध्ये फ्रान्सिस्कन साधूंनी त्याला मठाची जोड दिली.

साधूंना एकांत हवा होता आणि सैनिकांना समुद्रावर नजर ठेवायची होती. दोघांनाही ही एकच टेकडी मानवली.

पुढे या टेकडीवर इंग्रजही आले, ते फ्रेंचांच्या भीतीने. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला. इकडे टिपू सुलतानाने फ्रेंचांशी संधान बांधलं होतं. मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, तरी फ्रेंच आरमार गोव्याचा ताबा घेईल ही इंग्रजांची धास्ती काही गेली नाही. पोर्तुगाल त्यांचा जुना मित्र. त्या मैत्रीच्या आधारावर त्याच वर्षी कर्नल विल्यम क्लार्कच्या हाताखाली इंग्रजी फौज गोव्यात आली. आग्वाद, मुरगाव आणि काबो या मोक्याच्या जागा तिने धरल्या. मित्राच्या घरात शिरून पहारा देण्याचाच हा प्रकार, आणि गोव्याच्या सरकारला तो मुकाट्याने सोसावा लागला. १८१३ पर्यंत काबोवर इंग्रजी छावणी होती. ज्या फ्रेंचांसाठी हा सगळा खटाटोप, ते गोव्यात आलेच नाहीत. पण परत न गेलेल्या इंग्रजांचं कब्रस्तान जवळच दोना पावलाला मागे राहिलं.

१८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातले मठ बंद केले. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या मठाचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. तो ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये मनोऱ्याचा मोठा भाग ढासळला. काबोवर मात्र वस्ती राहिली. १८६६ पासून तिथे गव्हर्नर जनरल राहू लागले, आणि गोवा मुक्त झाल्यावर ती वास्तू राज्यपालांच्या निवासाची झाली. माझ्या मते काबो वाचला तो या राबत्यामुळेच. मूळ मठाचं रूप त्यात बरंच बदललं, आणि ती किंमत मला मोठी वाटते. चॅपल मात्र टिकून आहे आणि १५ ऑगस्टला तिथे मातेचं फेस्त भरतं.

दोना पावलाला गेलात तर धक्क्यावरूनच मागे फिरू नका. इंग्रजांच्या त्या कब्रस्तानातही थोडा वेळ थांबा.